सदतीसवरचा घुमारा

पंख्याला कान लावून बसलेला माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

ती तणतणत गच्चीवर आली होती ती पंखा बंद करायला. इमारतीच्या वातानुकूलनाचं पत्र्याचं भलंमोठं कपाट तिथे धडधडत होतं, आणि त्याच्यापुढे एक जण मांडी घालून बसलेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्याला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. चेहरा असा, जणू आतून कोणी गुपित सांगतंय.

"अहो! बरं वाटत नाहीये का?"

त्याने डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं. एवढ्या गडगडाटात आपल्यालाच गप्प बसवणाऱ्या माणसाचं काय करावं, हे तिला कळेना.

"बेअरिंग ठीक आहे," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही ओरडत होतात का?"

"हा बंद करा. खाली रेकॉर्डिंग आहे."

"बंद कशाला? हळू करू या की."

"हा हळू होत नाही. एक तर बोंबलतो, नाहीतर मरतो."

"माझ्याही ओळखीत आहेत तशी माणसं," तो हात झटकत उठला. "पण याच्यावर इलाज आहे. त्याच्यासाठीच बोलावलंय मला."

ती हसली नाही. हसण्यासारखे दिवस नव्हते.

खालच्या मजल्यावर अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार व्हायची आणि गेली सात वर्षं तिथलं रेकॉर्डिंग ती सांभाळत होती. टेबलावर कायम एक वही. रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा आवाज शिरला की त्याची नोंद: वेळ, आवाज कशाचा, आणि तिसऱ्या रकान्यात काढायचा की ठेवायचा. दाराची करकर, काढायचा. शिंक, काढायचा. सात वर्षांत त्या रकान्यात दुसरा शब्द आला नव्हता. माणसांच्या बाबतीतही तिचा रकाना साधारण असाच होता, असं तिची मावशी म्हणायची. आणि मावशीने आणलेली स्थळं मोजली तर मावशीचं फारसं चुकत नव्हतं.

सध्या माइकसमोर बसत होते तिचे बाबा. एकतीस वर्षं बस स्थानकावर गाड्या पुकारलेला माणूस. अख्ख्या गावाला तो आवाज पाठ, पण एक वाक्य कोणी जपून ठेवलेलं नाही. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण जपतं? आता घशात गाठ निघाली होती. दहा दिवसांनी शस्त्रक्रिया, आणि तीत स्वरयंत्रच काढायचं होतं. दवाखान्यातल्या लोकांनी वाक्यांचे चौसष्ट कागद दिले होते. ते वाचून स्वच्छ रेकॉर्डिंग झालं, तर पुढे एक यंत्र बाबांच्याच आवाजात बोलू शकणार होतं. नाहीतर कुणा परक्याच्या.

पंखा चालू ठेवला की वारा माइकमध्ये शिरायचा. बंद केला की बिनखिडकीच्या खोलीत दहा मिनिटांत घामाच्या धारा आणि बाबांना खोकल्याची उबळ. चार दिवसांत जेमतेम नऊ कागद झाले होते.

हे सगळं तिने त्याला का सांगितलं, कोण जाणे. त्याने मधे एकदाही "अरेरे" म्हटलं नाही, म्हणून असेल.

"उद्या या वेळेला," तो एवढंच म्हणाला.

त्याने भिंतीवर एक करडा डबा बसवला. मोटरला जाणारी वीज हा डबा कमी-जास्त करायचा, त्यामुळे पंखा हवा तेवढाच फिरायचा. डब्यावर एक गोल बटण आणि छोटा आकडा: पन्नास म्हणजे पूर्ण वेग, खाली येत येत पंचवीस म्हणजे कोणी झोपेत श्वास घ्यावा तसा.

दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर, ती खोलीत कानावर हेडफोन चढवून, आणि दोघांच्या मधे फोन.

"पंचेचाळीस. आता?"

"आवाज आहे."

"चाळीस."

"कमी झाला. अजून खाली या."

"येतोय हो... जिना उतरल्यासारखा. आता?"

"थांबा— हे काय?"

छतातली हवेची नळी अचानक घुमायला लागली. हूंऽऽ... मोठा नव्हे, पण खोल. छातीत जाणवावा असा.

"माझ्या मीटरवर काही नाही," तो म्हणाला.

"मीटरला विचारतंय कोण? मी सांगते ना, घुमतंय."

"बरं. तुमचे कान खरे. आकडा सदतीस. या वेगाला तुमची नळी थरथरते. प्रत्येक यंत्राचा असा एखादा आकडा असतो, त्याच्यावर थांबायचं नाही. पटकन ओलांडायचा."

"आणि माणसाचा असला तर?"

हे आपण बोललो, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

"तर..." तो हळूच म्हणाला, "तिथे नेमकं कोण थांबतं, ते बघायचं."

तिने फोन ठेवला. तसं काही काम अडलं नव्हतं, तरी वहीत पाच मिनिटं उगाचच रेघा मारल्या.

त्यानंतर रोजचा एक क्रमच पडून गेला. तापमान बघून आपोआप वेग ठरवायची जोडणी व्हायची होती. तोवर तो गच्चीवर उन्हात टोपी घालून बसायचा आणि बटण हाताने फिरवायचा. बाबा वाचताना तीस, कागद बदलताना चाळीस. जाता-येता सदतीस ओलांडताना हात असा झरकन फिरायचा, की खाली घुमारा कधी ऐकूच आला नाही. फोन चालूच, म्हणजे खालचं सगळं त्याला ऐकू जायचं. बारा कागद, बावीस, चाळीस. बाबांचा आवाज दिवसागणिक चरचरीत होत चालला होता, पण खोली गार होती आणि खोकला आवरत होता.

"पंखेवाल्याला वर चहा दिलास का गं?" बाबा रोज विचारायचे.

"दिला."

"तूच नेलास?"

"मग काय पंख्याने उडत गेला?"

"नाही, वीस मिनिटं लागली, म्हणून विचारलं. जिना लांबला असेल."

"बाबा, आवाज वाया घालवू नका."

"जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या," बाबा कागद सारखे करत म्हणाले, "पोरीची एखादी पुकारली, तर तो वाया जातो होय?"

वीस मिनिटं लागायची, हे खरं होतं. एकदा त्याने स्क्रूड्रायव्हर तिच्या कानाशी धरला आणि तिला बेअरिंगचा आवाज ऐकवला: बारीक, अखंड, रेशमी. त्याचा हात तिच्या केसांपासून बोटभर अंतरावर होता. तिथेच राहिला.

दहाव्या दिवशी सात कागद उरले होते. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. त्याचंही काम संपत आलं होतं. दुपारी चारच्या गाडीने तो दुसऱ्या गावी निघणार होता, तिथल्या कुठल्याशा गोदामात असलाच एक बोंबलणारा पंखा त्याची वाट बघत होता. सकाळी चहा देताना ती म्हणाली, "म्हणजे आज शेवटचं." तो म्हणाला, "हो." दोघांनीही चहाकडे पाहिलं. दोघंही तो आकडा पटकन ओलांडण्यात पटाईत.

दोन वाजता चौसष्टावा कागद संपला. बाबांचा आवाज आता वाळूवरून पाय ओढावेत तसा येत होता. "झालं," ती काचेपलीकडून म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तिने थांबवायच्या बटणावर बोट ठेवलं. बाबांनी हात वर केला. थांब.

ते ताठ बसले. एकतीस वर्षं बसत तसे. आणि उरलासुरला आवाज गोळा करून म्हणाले,

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. चारच्या गाडीने जाणाऱ्या, गच्चीवर बसलेल्या प्रवाशांना सूचना देण्यात येत आहे... मनात काही सांगायचं राहिलं असेल, तर गाडी सुटण्यापूर्वी सांगावं. नंतर... आलेली तक्रार ऐकून घेतली जाणार नाही."

आणि नेमकं 'नंतर' म्हणताना छत घुमलं.

हूंऽऽऽ...

कागद संपले म्हणून तो पंखा वाढवत असणार, तीसवरून चाळीसवर, रोजच्यासारखा. आणि फोनवर हे ऐकून त्याचा हात होता तिथेच थिजला. आज सदतीस ओलांडला गेला नव्हता. तो तिथेच थांबला होता. तिला छतातून, खुर्चीतून, छातीतून ऐकू येत होतं.

जिन्यावर पावलं वाजली. दारात तो, टोपी हातात, चेहरा उन्हाने आणि लाजेने तांबडा.

"माफ करा. बिघडवलं मी. ते... परत घेऊ या. मी पंखा बंदच करतो, दोनच मिनिटं—"

बाबांनी मान हलवली. तोंड उघडलं; हवा आली, आवाज आला नाही. त्यांनी हसून हात पसरले. संपला होता. तेवढाच होता.

त्याने भिंतीला हात टेकला. "त्यांचं शेवटचं वाक्य होतं हो ते..."

तिने वही ओढली. वेळ लिहिली. आवाज कशाचा, तिथे लिहिलं: पंखा, सदतीस. मग पेन्सिल तिसऱ्या रकान्यापाशी थांबली. वर सात वर्षांचा तोच एक शब्द, एकाखाली एक. तिने संथपणे लिहिलं: ठेवायचा. आणि वही त्याच्याकडे फिरवली.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

"मला सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. आवाज बाबांच्यापेक्षाही बसलेला. "दुसऱ्याच दिवसापासून... तुम्ही फोनवर 'अजून खाली या' म्हणालात ना, मी तिथून वर गेलोच नाही. आणि उद्या तुम्ही दवाखान्यात एकट्या बसणार, हे मला... गोदामाला कळवतो मी. दोन दिवस उशीर होईल."

"दोनच?"

"किती सांगू?"

तिने बाबांकडे पाहिलं. ते मुद्दाम कागद मोजत होते, मोजून झालेलेच, चौसष्टच्या चौसष्ट. वर पंखा अजून घुमत होता आणि तो बंद करायला कोणीही उठत नव्हतं.

"आधी बस," ती म्हणाली. दहा दिवसांत पहिल्यांदाच 'तुम्ही' गळून पडलं होतं. "सकाळी सहाला निघायचंय आपल्याला."