सावत्र आईच्या हातचं

"ती माझ्या भाच्याला विष घालतेय," आत्या म्हणाली. बसायचंही तिला सुचलं नव्हतं.

गुप्तहेर बाईंनी तिच्यापुढे पाणी ठेवलं. शेजारी त्यांचे जुने मित्र डॉक्टर बसले होते. पोराचं रक्त त्यांनीच तपासलं होतं.

"रक्तात शिसं निघालंय," डॉक्टर म्हणाले. "पाणी चांगलं, भिंतींचा रंग चांगला, शेजारची मुलं ठणठणीत. म्हणजे कुणीतरी पोटात घालतंय. स्वयंपाक सावत्र आई करते. आणखी काय हवं?"

तिघं घरी पोचले तेव्हा पोरगं पोट धरून पडलं होतं. गेल्या खेपेपेक्षाही सुकलेलं.

सावत्र आई मोरीत नवऱ्याचे कपडे धूत होती. पाणी करडं झालं होतं.

"मी माहेरी होते तेव्हा तर याचं जास्तच दुखलं," ती कशीबशी म्हणाली.

"आणि बरं कधी वाटलं?" बाईंनी विचारलं.

"हे बाहेरगावी होते तेव्हा." ती घुटमळली. "पोट माझंही दुखतं. पण सांगणार कुणाला?"

आत्याने चमकून दाराकडे पाहिलं. म्हणजे तिचा सख्खा भाऊ?

तेवढ्यात तो आलाच, जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कारखान्यातून. पोरगं धडपडत उठलं आणि त्याच्या कडेवर चढून खांद्यात तोंड खुपसून बसलं.

"त्याला खाली ठेवा," बाई म्हणाल्या. त्याने घाबरून ठेवलं.

"तूच?" आत्या ओरडली.

"विष कुणीच घातलेलं नाही," बाई म्हणाल्या. "घालणारी स्वतः कशाला आजारी पडेल? बॅटऱ्यांतल्या शिशाची पूड यांच्या अंगावरून घरी येते. कपडे धुताना हिला लागते, कडेवर बसल्यावर पोराला. मग तेच हात तोंडात जातात. हे बाहेरगावी होते तेव्हा पूड आली नाही, पोरगं सुधारलं. ही माहेरी गेली तेव्हा कपडे तसेच पडून राहिले, आणि पोरगं सारखं यांनाच चिकटून होतं. शेजारी कुणी त्या कारखान्यात नाही, म्हणून तिथली मुलं धडधाकट."

"आणि मी नुसतं ताटातच शोधत बसलो," डॉक्टर पुटपुटले. "उपचार आहेत. दोघांना आत्ताच दवाखान्यात घेऊन चला."

आत्याने वहिनीचे ओले हात धरले. "मला माफ कर," ती म्हणाली. वहिनीने ते सोडवून घेतले नाहीत.

भाऊ भिंतीला टेकून उभा होता.

"तिथे अंघोळीची सोय आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही. सगळे असेच घरी जातात." तो बाईंकडे वळला. "बाई, आमच्या पाळीत सगळ्यांनाच लहान पोरं आहेत."

बाई उठल्या. "चला, घरं दाखवा."