शनिवारचा धूर

"या गाडीचा हीटर नुसता माझ्या डाव्या गुडघ्यावर प्रेम करतो," वॉल्टर निएमी कुरकुरला. "उरलेला वकील गोठला तरी चालेल."

"उरलेल्या वकिलाला आत कॉफी मिळेल. उतर," हेल्मी कांगास म्हणाली. ती खाजगी गुप्तहेर. वॉल्टरच्या अपघाताच्या खटल्यांत लोकांच्या पोटातलं ओठांवर आणायचं काम तिचं.

रेइनो लाहती खिडकीपाशी बसला होता. लाकूड-गिरणीतल्या ओंडके ओढणाऱ्या साखळीने त्याचा पाय गुडघ्याखाली तोडून नेला होता. अडकलेला ओंडका सोडवायला यंत्रात शिरण्याआधी खटक्याला कुलूप घालायचं, म्हणजे बाहेरून कुणी ते चालू करू शकत नाही, हा गिरणीचा नियम. कंपनी म्हणत होती, याने कुलूप घातलंच नाही, भरपाई विसरा.

"घातलं होतं," रेइनो म्हणाला आणि गळ्यातली किल्ली दाखवली. बायकोने, सिल्वीने, तिला हिरव्या लोकरीचा गोंडा बांधला होता.

बोलताना त्याची नजर तळ्यापलीकडे जाई. तिथे त्याच गिरणीत काम करणाऱ्या धाकट्या भावाचं, आर्वोचं, लाकडी न्हाणीघर होतं, सौना. दर शनिवारी दोघे भाऊ तिथे वाफेत शेजारी बसत, एक शब्द न बोलता. आज शनिवार होता आणि धुराडं गार.

"भाऊ येऊन गेला का?" हेल्मीने विचारलं.

"कामं असतील त्याला," सिल्वी घाईने म्हणाली.

दाराशी रेइनोचं लाल चौकड्यांचं जाकीट टांगलं होतं. हेल्मीने खुशाल त्याच्या खिशात हात घातला. तंबाखूची डबी निघाली.

"अगं बाई! हा तर तंबाखूला शिवतसुद्धा नाही," सिल्वी म्हणाली.

गिरणीत मुकादम हॅरल्ड तावातावाने बोलला. "कुलूप त्याच्या कपाटात सापडलं. ना तुटलेलं, ना ओरखडा. आता बोला, वकीलसाहेब!"

"जादा किल्ली तुमच्याकडे?" हेल्मीने विचारलं.

"नाही. कामगारांच्या दर जोडीला एक कुलूप, दोघांना दोन किल्ल्या. एकेकाला वेगळं द्यायला आम्ही काय कुलपांचं दुकान काढलंय?"

डबी झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या ओट्टोची निघाली. "मी हुडहुडत होतो, बाई. पोरगं यंत्रात शिरताना जाकीट माझ्या खांद्यावर टाकून गेलं. मी शेगडीपाशी कॉफी घेत बसलो, अन् साखळी सुरू झाली."

"कुणी केली?"

"दाराकडे माझी पाठ होती." मग म्हातारा झाडूशीच पुटपुटू लागला.

"म्हणजे ओट्टोने?" गाडीत वॉल्टर म्हणाला.

"अरे शहाण्या, त्याच्याकडे किल्ली कुठाय?"

आर्वो लाकडं फोडत होता. ढीग छपराला टेकला होता.

"एवढी लाकडं, आणि सौना गार?" हेल्मी म्हणाली.

"एकट्यासाठी कोण पेटवतं?" तो वाकला तशी त्याच्या गळ्याशी हिरवी लोकर दिसली.

"चल, भावाकडे कॉफीला."

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण टोपी तोवर डोक्यावर चढली होती.

रेइनोने त्याला पाहिलं आणि वेलदोड्याच्या पावाची बशी पुढे सरकवली. "घे. तुझी वाट बघून शिळा झाला."

आर्वोने पाव घेतला नाही.

"कुलूप तुटलं नाही," हेल्मी म्हणाली, "म्हणजे ते किल्लीने उघडलं. रेइनोची त्याच्या गळ्यात होती. राहिली जोडीदाराची. पण आत माणूस असताना जोडीदार कुलूप काढेल? कधीच नाही. रोज शेवटी बाहेर येणारा ते काढून रेइनोच्या कपाटात ठेवायचा. त्या दिवशी जोडीदाराला शेगडीपाशी लाल चौकड्यांची पाठ दिसली. त्याला वाटलं, रेइनो बाहेर आला आणि कुलूप काढायचं विसरला; म्हणून त्याने ते काढलं."

वॉल्टर रेइनोकडे वळला. "मग तू हे आधी का नाही बोललास?"

"मला कुलपाचं विचारलंत. तेवढं सांगितलं." रेइनो खिडकीबाहेर पाहत होता. "पुढचं सांगायचा हक्क माझा नाही."

"दोघांत एक कुलूप देणं, ही चूक कंपनीची," हेल्मी हळूच म्हणाली. "पण रेइनोने ते घातलं होतं, हे छातीठोक सांगू शकेल असा माणूस एकच आहे."

तिने नाव घेतलं नाही. कुणीच घेतलं नाही. सिल्वी भरलेल्याच कपात कॉफी ओतत राहिली.

आर्वोने गळ्यातली किल्ली काढून भावाच्या किल्लीशेजारी ठेवली. एकाच लोकरीचे दोन गोंडे.

"रेइनो," तो म्हणाला, "कुलूप मी काढलं."