पाय उचल

बाबांना गाडी चालवता येत नव्हती, पण ती कशी चालवावी हे सगळं ठाऊक होतं. आई चालवायची आणि ते शेजारच्या सीटवर बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. त्यातलं एक वाक्य ठरलेलं होतं, "पाय उचल." आईला क्लचवर डावा पाय टेकवून ठेवायची खोड होती. गिअर पडला, रस्ता सरळ लागला, तरी तिची चप्पल आपली पेडलवरच. बाबा म्हणायचे, "पाय उचल," आणि आई समोरून नजर न काढता म्हणायची, "ठेवलेलाच नाहीये." मागच्या सीटवर बसून त्यांची लेक ही दोन वाक्यं ऐकतच लहानाची मोठी झाली.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. लेक दुसऱ्या शहरात फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे आखडलेले गुडघे आणि मोडून जुळलेले घोटे पुन्हा चालते करायचे, हे तिचं काम. आता रजा टाकून आली होती ती बाबांना कायमचं आपल्याकडे न्यायला. खोली रंगवून तयार होती, खिडकीपाशी घड्याळाच्या कामाचं टेबल मावेल एवढी जागाही सोडली होती. बाबा नाही म्हणत नव्हते, पण ताकास तूरही लागू देत नव्हते.

का, ते तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं. चहा घेऊन ती गॅरेजात गेली, तर बाबा बंद गाडीत आपल्या नेहमीच्या सीटवर बसले होते. ड्रायव्हरच्या बाजूला वळून काहीतरी सांगत होते, अगदी सहज, दिवसभरात काय काय झालं ते सांगतात तसं. तिला पाहून गप्प झाले आणि काच खाली करून त्यांनी चहा घेतला.

त्या रात्री तिला झोप आली नाही. माणूस असाच एकटा राहिला तर हातचा जाईल, अशी तिला भीती वाटत राहिली.

"बाबा, या वेळी तुम्ही माझ्याबरोबर येताय," सकाळी तिनं सांगून टाकलं.

"येतो की," बाबा म्हणाले. "पण गाडीशिवाय नाही. आणि गाडीचा क्लच गेलाय."

तो खरंच गेला होता. इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. इतकी वर्षं टेकवलेल्या पायानं प्लेट पार खाऊन टाकली होती.

"मेकॅनिकला बोलावते."

"नको. तिच्या सीटवर परका माणूस नको. आपण करू."

"आपण? तुम्ही आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलीत, बाबा."

"मग? मुंगीएवढे स्क्रू सोडवले, आता बैलाएवढे सोडवू."

हात दाखवून अवलक्षण, असं तिच्या मनात आलं. पण नव्या क्लचखेरीज बाबा हलणार नव्हते, हेही दिसत होतं. तिनं दुकानातून नवी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग आणलं. पेडलवरचं रबर झिजलं होतं, म्हणून तेही नवं घेतलं. शेजारच्या सुताराकडून जास्तीचा जॅक मागून आणला, फोनवर व्हिडिओ लावला आणि दोघं कामाला लागले.

पुढची चाकं काढून गाडी स्टँडवर चढवली. बॅटरी सोडवली, गिअरबॉक्समधलं काळं तेल परातीत उतरवलं. बाबा प्रत्येक बोल्ट निघेल तसा जुन्या चादरीवर गाडीच्याच आकारात मांडत होते, घड्याळ उघडल्यावर मांडतात तसा. गाडीखाली लेक, बाहेर बाबा, आणि मधून सूचनांची सरबत्ती. तिला कितीतरी दिवसांनी खळखळून हसू आलं. आई असती तर म्हणाली असती, दोन शहाणे आणि गाडी चादरीवर.

क्लचची केबल तिनं गिअरबॉक्सपासून सोडवली. एका बाजूला पेडल, दुसऱ्या बाजूला क्लचचा दांडा, आणि दोन्हींना जोडणारी ही एक तार. आता तिचं टोक मोकळं लोंबत होतं. लेक पुढच्या बोल्टकडे वळली.

तेवढ्यात तिच्या डोळ्यांदेखत ते टोक बोटभर आत ओढलं गेलं. क्षणभर तसंच राहिलं. मग हळूच परत बाहेर आलं.

"बाबा, पेडलला हात नका लावू ना."

"मी कशाला लावू?" बाबांचा आवाज मागून आला. तिनं मान वळवली. ते गॅरेजच्या दाराशी रॉकेलमध्ये बोल्ट धूत बसले होते.

तार आहे, पीळ सुटला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. तरी बाहेर येऊन तिनं ड्रायव्हरचं दार उघडलं आणि आत वाकून पेडलवर तळवा ठेवला. गॅरेजात सकाळपासून ऊन नव्हतं. ब्रेकचं रबर गार होतं. क्लचचं कोमट होतं.

दोन्ही जॅकवर पेलत गिअरबॉक्स खाली आला, तेव्हा दोघांचे दंड भरून आले होते. आतली जुनी प्लेट तिनं बाहेर काढली. तिच्यावरचा खरखरीत थर जाऊन ती रोजच्या वापरातल्या ताटासारखी गुळगुळीत झाली होती. बाबांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि अंगठ्यानं कडेकडेनं फिरवली.

"बघ. म्हणे, ठेवलेलाच नाहीये," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. लेकीनं तेलकट हातांनीच त्यांना जवळ घेतलं. तिलाही आईची फार आठवण आली, आणि ती तिनं लपवली नाही.

नवी प्लेट मधोमध बसवायला बाबांनी लाकडी दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून माप केलं. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून ते प्लेटचं भोक निरखत होते, आणि लेक म्हणत होती, "बाबा, इथे सेकंदकाटा नाहीये." गिअरबॉक्सनं वर चढताना मात्र दोघांचा घाम काढला. दोनदा अडला, एकदा लेकीचं बोट चेमटलं. संध्याकाळ व्हायच्या आत तो जागेवर बसला. केबल जोडून तिनं पेडलची ढील लावली. पेडल दाबताना आधी दोन बोटं ते मोकळं जायला हवं, मगच क्लचला भार लागायला हवा. तसंच जात होतं.

शेवटी तिनं पेडलचं जुनं रबर काढलं. बाहेरच्या कोपऱ्यावर ते तिरकं झिजून गेलं होतं. आईचा डावा पाय बाहेर वळायचा. तरुणपणी घोटा मोडला होता, तो जुळताना बाहेरच्या हाडावर सुपारीएवढं टेंगूळ राहिलं होतं. लेक शिकत असताना रोज तोच पाय मांडीवर घेऊन सराव करायची, आणि आई टीव्ही बघत म्हणायची, "पुरे गं, झिजेल तो." तो घोटा लेक डोळे मिटूनही ओळखू शकली असती.

नवं रबर तिनं घट्ट बसवलं. काळं, खरखरीत, चारही कोपरे धारदार.

सकाळी सामान ठेवायला तिनं गाडी उघडली, तेव्हा रबराचा बाहेरचा कोपरा तिरका झिजलेला होता.

तिनं वाकून त्यावरून बोट फिरवलं. बाबांकडे कानसा होत्या, बारीकातल्या बारीक. रात्री उठून त्यांनीच घासलं असेल. आठवण ठेवायच्या नाना तऱ्हा असतात.

"बाबा, या रबराला तुम्ही काही केलंत?"

बाबा कडेवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले होते. त्यांनी वाकून पाहिलं. चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"सवय आहे ती," ते म्हणाले. "जाते कुठे?"

मग ते आपल्या सीटवर जाऊन बसले, पट्टा लावला, घड्याळ मांडीवर घेतलं. आपणहून, कुणी हात न धरता. लेकीला एवढं बरं वाटलं की रबराचा विचार तिनं बाजूला सारला. माणूस घराबाहेर पडला, हे महत्त्वाचं.

घराला कुलूप लागलं. गाडी आवाज न करता, धक्का न देता निघाली. स्वतःच्या हातांनी बसवलेला क्लच असा लोण्यासारखा सुटताना पाहून लेकीचा ऊर अभिमानानं भरून आला.

"जमलं की आपल्याला," ती म्हणाली.

"जमणारच," बाबा म्हणाले.

गल्ली संपली, वस्ती मागे पडली. रस्ता सरळ लागला. तिनं शेवटचा गिअर टाकला आणि डावा पाय काढून पेडलच्या बाजूला, खाली पत्र्यावर सपाट ठेवला.

इंजिनचा आवाज चढला.

वेग तेवढाच होता. आवाज मात्र चढत होता, जुन्या प्लेटवर इंजिन ओरडायचं तसा. तिनं खाली नजर टाकली.

तिचा पाय खालीच होता. क्लचचं पेडल चांगलं अर्ध्यावर दबलेलं होतं.

"पाय उचल," बाबा म्हणाले.

"बाबा," ती म्हणाली. "माझा पाय नाहीये त्याच्यावर."

"तुला नाही म्हटलं."

ते तिच्याकडे बघत होते, पण तिच्या तोंडाकडे नव्हे. जरासं अलीकडे. आणि हसत होते.

इंजिनचा आवाज उतरला. पेडल सावकाश वर आलं.

आणि खाली पत्र्यावर, तिच्या पायाला खेटून, एक कोमट घोटा येऊन टेकला. त्याच्या बाहेरच्या हाडावर सुपारीएवढं टेंगूळ होतं.