एकविसावं पान

मृत्युंजय रणभिसे मला पहिल्यांदा दिसला, तो माझ्या भाकरी पळवताना.

रुद्राणीअक्कांच्या दुकानात मी साठ कडक भाकरी सांगून ठेवल्या होत्या. दुपारी घ्यायला गेले, तर एक उंच, सावळा मुलगा तोच गठ्ठा छातीशी धरून उभा. तान्हं बाळ धरावं तसा.

"ओ, त्या माझ्या आहेत."

"नाव लिवलंय काय?"

"लिहिलंय. खाली बघा. उत्कर्षा."

त्यानं गठ्ठा उलटा केला, नाव वाचलं आणि जराही न लाजता म्हणाला, "मग निम्म्या द्या की. मला लई लांब जायचंय."

"किती लांब? करमाळ्याला?"

"करमाळ्याजवळचं केम हाय माझं गाव. पण जायचंय आफ्रिकेत."

"आफ्रिकेत? मी पण तिकडंच चाललेय!"

त्याला वाटलं मी टिंगल करतेय. मला वाटलं तो थापा मारतोय. शेवटी अक्काच वैतागल्या. "भांडू नका की. तीस तू घे, तीस ती घेईल."

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल तपासते, दिवसाला आठशे. निसटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडी किनार — माझ्या नजरेतून काही सुटत नाही. माल दोनच प्रकारचा असतो, फ्रेश नाहीतर सेकंड. सवयीनं माणसांनाही मी तेच शिक्के मारते. ह्याला तिथल्या तिथे सेकंड मारला आणि घरी आले.

संध्याकाळी चर्चमध्ये, म्हणजे आमच्या देवळात, आमच्या टीमची समर्पणाची उपासना होती. जिल्ह्यातल्या मंडळ्यांमधून निवडलेले आम्ही सहाजण एकवीस दिवसांसाठी आफ्रिकेतल्या मलावीला निघालो होतो. तिथल्या एका मिशन दवाखान्यात छोटा हातमाग बसवून बायकांना टॉवेल विणायला शिकवायचं. मी पुढच्या बाकावर बसले, शेजारी पाहिलं...

"भाकरी पोचल्या नव्हं नीट?" मृत्युंजय रणभिसे कुजबुजला.

एमआयडीसीतल्याच दुसऱ्या एका युनिटमध्ये तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. मागाच्या खडखडाटावरून बिघाड ओळखतो म्हणे. ईस्टरच्या दिवशी जन्मला म्हणून नाव मृत्युंजय. एवढी सगळी माहिती त्यानं पहिलं गीत संपायच्या आत पुरवली.

"शांत!" वच्छलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

वच्छलाबाई आमच्या पुढारी. निवृत्त मेट्रन. त्यांनी छापील नियमांचा कागद दिला, आम्ही सह्या ठोकल्या. चौथा नियम बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवला. आजपासून, परतल्यावर होणारी अहवाल सभा संपेपर्यंत टीममधल्या कुणी कुणात गुंतायचं नाही. मोडला, तर पुढच्या वर्षी दोघांचीही नावं कमी, आणि कारण सगळ्या मंडळीसमोर.

"फार कडक नियम आहे," मी पुटपुटले.

"भाकरीसारखा," शेजारून उत्तर आलं.

मग चिठ्ठ्या निघाल्या. आपल्या चिठ्ठीवर ज्याचं नाव, त्याच्यासाठी रोज गुपचूप प्रार्थना करायची आणि ती वहीत लिहायची. परत आल्यावर सभेत वही ज्याची त्याला मिळणार. बाईंनी वह्यांच्या प्रत्येक पानावर लाल शाईनं नंबर घातले होते, औषधांच्या रजिस्टरवर घालतात तसे. फाडायची सोय नाही. खोडायचं असेल तर समासात कारण लिहायचं.

मी चिठ्ठी उघडली. तेच नाव. देवाला विनोदाची आवड आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आता गंमत बघा. एखाद्यासाठी रोज प्रार्थना करायची, तर त्याला काय हवंय ते माहीत पाहिजे. ते माहीत व्हायला त्याच्याकडे बघायला पाहिजे. आणि बघायचं तर मला टॉवेलसारखंच बघता येतं — अगदी उजेडात धरून!

चौथ्या दिवशी तो लंगडत होता. नवे बूट. मी लिहिलं, "देवा, ह्याच्या टाचेचा फोड बरा कर, आणि ह्याला मापाचे बूट घ्यायची बुद्धी दे. आमेन." आणि त्याच्या बॅगेवर चिकटपट्टीचं पाकीट ठेवून पळाले. सातव्या दिवशी कळलं, त्याच्या आईचा गुडघा दुखतो. तिच्याशी बोलायला तो टेकडीवर चढायचा, रेंजसाठी. तोही गुडघा वहीत गेला.

माग मात्र त्यानं दीड दिवसात उभा केला. चिसोमो नावाची एक दांडगी, हसरी बाई पहिली शिकायला बसली. त्याला तिची भाषा येईना, तिला ह्याची. तो आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा, कान टवकारायचा, मान हलवायचा. तीही ऐकायची, मान हलवायची. आठवड्यात दोघं एकाच वेळी माना हलवायला लागले. तिनं त्याच्याकडून वचन घेतलं, पुढच्या वर्षी येऊन नक्षीची किनार शिकवायची. त्यानं छातीवर हात ठेवला. मी पाहिलं ना, ते खरं होतं. त्याच्यावरचा सेकंडचा शिक्का मी त्या दिवशी गुपचूप पुसला.

बाराव्या दिवशी स्वारीनं आपल्या सगळ्या भाकरी पोरांना वाटून टाकल्या आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुझ्याकडं हायत ना अजून?"

"अकरा. मोजून ठेवल्यात."

"मोजून कशाला ठिवतीस?"

"कोण कधी मागायला येणार, त्याचा अंदाज राहतो."

तो हसला. मी अर्धी भाकरी मोडून शेंगाचटणी घालून दिली. त्यानं त्यातली अर्धी मला परत दिली. मी पुन्हा त्यातली अर्धी... शेवटी उरला एक कण. तो कुणी खाल्ला, ते सांगणार नाही.

सतराव्या दिवशी पत्र्यावर पाऊस असा काही कोसळत होता की ओरडून बोलावं लागे. मागावरचे ताण्याचे उभे धागे तुटले होते. एका टोकाला तो, दुसऱ्याला मी, गाठ मारत मधोमध आलो. शेवटच्या धाग्यावर बोटाला बोट लागलं... आणि दोघांपैकी कुणीच हात मागे घेतला नाही.

"चौथा नियम," तो हळूच म्हणाला. त्या पावसातही मला ऐकू आलं.

"आठवतोय मला."

"मला बी. त्येच तर अवघड हाय."

परतीच्या विमानात तो खिडकीला डोकं टेकून झोपला होता. मी वही काढली, पान एकवीस. हिशोब सरळ होता. सभा संपेल, नियम संपेल, मग तो वही घरी नेऊन एकटाच वाचेल. मी धडाधड लिहून टाकलं. मुंबईला उतरताच बाईंनी वह्या गोळा केल्या.

आणि रविवारी, अहवाल सभेला भरल्या देवळात, वह्या वाटून झाल्यावर बाई उभ्या राहिल्या. "यंदा एक नवं करू या. आपल्याला मिळालेल्या वहीचं शेवटचं पान प्रत्येकानं मोठ्यानं वाचायचं."

सभा अजून संपायची होती. नियम जिवंत होता. पुढचं वर्ष, चिसोमोला दिलेलं वचन, सगळं त्या एका पानावर! आणि त्याच्या मनात तसं काही नसलंच तर? दोनशे माणसांसमोर?

आधी माझा नंबर. माझ्या नावाची चिठ्ठी बाईंनाच निघाली होती. मी त्यांचं पान वाचलं, "देवा, ही मुलगी नीट जेवत नाही. कारण मला ठाऊक आहे, तुलाही आहे. घरी पोचेपर्यंत हिला सांभाळ. आमेन." मागून कुणीतरी हळहळलं, "तिकडचं पाणी बाधलं असेल." बाईंचा चेहरा इस्त्रीच्या पदरासारखा, एक सुरकुती नाही.

मग तो उठला. वही उघडली. वाचलं... मनातल्या मनात. पंख्याचा आवाज केवढा मोठा असतो! त्याचे कान लाल झाले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"देवा, ह्याच्या टाचेचा फोड बरा कर, आणि ह्याला मापाचे बूट घ्यायची बुद्धी दे. आमेन."

देऊळभर हशा पिकला. मला श्वास आला.

"हे शेवटचं पान?" बाईंनी विचारलं.

"न्हाय बाई. चवथं."

"मी शेवटचं सांगितलं होतं."

"शेवटचं... भिजलंय जरा. शाई फुटलीय."

"बॉलपेनची?"

त्यानं वही मिटून छातीशी धरली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बस. वाळलं की वाच."

पाळकसाहेबांचं आशीर्वचन मला इतकं लांब कधीच वाटलं नव्हतं. आमेन झालं, माणसं चहाकडे वळली आणि मी तडक बाहेरच्या निंबाखाली जाऊन उभी राहिले. मागून बुटांचा आवाज आला. मापाचे होते.

"वाळलं पान," तो म्हणाला. आणि अगदी हळू, एकेक शब्द उचलत वाचू लागला. "देवा, वीस दिवस ह्याच्यासाठी मागितलं. फोड, झोप, भूक, आईचा गुडघा. आज माझ्यासाठी मागते. हा मला हवाय. तुझी हरकत असेल तर आत्ताच सांग..."

मी त्याच्या बुटांकडे बघत राहिले.

"मग? सांगितली का त्यानं हरकत?"

"अजून तरी नाही."

"मग माझी बी न्हाय." त्यानं पान माझ्यापुढे धरलं. "त्या भाकरी मोजून ठेवल्या व्हत्यास ना, तवापास्नंच न्हाय. पण हितं एक ऱ्हायलंय बघ. एकवीस पानं, आमेन वीसच. मोजलेत मी."

"तू? मोजलेस?"

"संगतीचा गुण."

"दुसरं माणूस काय म्हणतंय ते कळल्याशिवाय आमेन कसं लिहायचं?"

त्यानं खिशातलं पेन काढलं, वही निंबाच्या खोडावर टेकवली आणि लिहिलं, आमेन. खाली सही, तारीख. दुरुस्त झालेल्या मागाच्या कार्डावर जॉबर करतो तशी, ठसठशीत.

"चहा गार होतोय," बाई चहाचा कप घेऊन शेजारून चालल्या होत्या. थांबल्या. "पुढच्या जानेवारीलाही हाच कागद आहे. नियमही हाच."

आमचे दोघांचे चेहरे उतरले.

"सह्या करताना खालची बारीक ओळ कुणी वाचत नाही," बाई म्हणाल्या. "चौथा नियम विवाहित जोडप्यांना लागू नाही." आणि त्या निघून गेल्या, पाठीवर हसू घेऊन. हो, पाठीवरही दिसतं. मी तपासनीस आहे.

"जानेवारीला किती म्हैनं ऱ्हायले?" त्यानं विचारलं.

"अकरा."

"लई हायत."

"कुठले! तुझी केमची मंडळी, माझी सोलापूरची, दोन्ही देवळं, एमआयडीसीच्या दोन पाळ्या..." मी बोटं मोजायला लागले, तर त्यातली निम्मी बोटं त्याच्या हातात होती. "रुद्राणीअक्कांना आजच सांगायला हवं. साठ भाकरींनी काय होणार आहे?"