सर्वपित्रीचं पान

सिंगापूरच्या यिशुनमध्ये राहणाऱ्याला घोरपडीचं अप्रूप नसतं. ब्लॉकच्या, म्हणजे राहत्या इमारतीच्या, मागून सिमेंटचा मोठा नाला जातो, तो पुढे जलाशयाला मिळतो, आणि उन्हं वर आली की नाल्यात एखादी तरी घोरपड अंग शेकत पडलेली असते. चांगली माणसाएवढी लांब. पोरं कठड्यावरून वाकून बघतात, नवे आलेले भारतीय लोक फोटो काढून घरी पाठवतात, आणि महिन्याभरात तेही बघेनासे होतात. मधुवंतीही बघेनाशी झाली होती. सकाळी नाल्याच्या कडेने ती एमआरटीचं स्टेशन गाठायची ती हातातल्या डब्याचा आणि डोक्यातल्या ऑफिसचा विचार करत. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत ती ऑडिटचं काम करायची. बाई पक्की व्यवहारी. भुताखेतांना तिने कधी सुट्टीच्या दिवशीसुद्धा वेळ दिला नव्हता.

घोरपडी तिला पुन्हा दिसायला लागल्या त्या यशोधन गेल्यावर. ‘गेल्यावर’ हा शब्द सासूबाईंसमोर वापरायचा नाही, ‘हरवल्यावर’ म्हणायचं. तिचा नवरा यशोधन वन-नॉर्थच्या एका कंपनीत इंजिनिअर होता. चिनी नववर्षाच्या सुट्टीत, सगळी दुकानं बंद असताना, एका सकाळी तो जलाशयाच्या बाजूला फिरायला म्हणून बाहेर पडला. परत आला नाही. पोलिसांनी झाडी पिंजून काढली, पाण्यात पाणबुडे उतरवले. त्याचा मित्र निशिकांत रजा टाकून त्यांच्याबरोबर हिंडला. शोधायला आलेल्यांत एक वयस्क मलय गृहस्थ होते. त्यांनी निशिकांतला बाजूला घेऊन सांगितलं, की या पाण्यात काही फार दिवस राहत नाही, घोरपडी ठेवत नाहीत. निशिकांतने ते मधुवंतीला कधी सांगितलं नाही. पण ती चार पावलांवरच उभी होती.

मेल्याचं दुःख माणूस कसंतरी गिळतं. हे नुसतं तोंडात धरून बसायचं होतं. गिळायचंही नाही आणि थुंकायचंही नाही. दीड वर्ष तिने तेही केलं. मग म्हणाली, बास. पुण्यात नोकरी बघितली, घरमालकाला दसऱ्यानंतर फ्लॅट सोडते म्हणून कळवलं, विमानाचं तिकीट काढलं. तिला जगायचं होतं. चाळिशीच्या बाईला जगावंसं वाटलं तर त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

तिकीट काढलं त्याच आठवड्यात एक घोरपड नाल्यातून वर आली.

आधी ती ब्लॉकमागच्या गवतात दिसली. मग व्हॉइड डेकवर, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, टपालपेट्यांच्या खाली. तिथे म्हातारे दगडी टेबलावर सोंगट्या मांडून बसलेले असतात. त्यांनी पाय वर घेतले आणि डाव चालू ठेवला. घोरपड तीच होती हे शेपटीवरून कळायचं. शेपटीचा शेंडा तुटलेला होता. मधुवंती लिफ्टपर्यंत भिंतीला चिकटून गेली. घोरपडीने जीभ बाहेर काढली, आत घेतली, आणि मान वळवून लिफ्टचं दार बंद होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

पुढे एका संध्याकाळी ती जिन्याच्या वळणावर होती. मधुवंतीचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये ओल्या गाळाचा वास येत होता, तळ्याचं पाणी आटल्यावर येतो तसा. शेजारच्या को आंटी बादलीत जंतुनाशक घालून आपल्या दारापुढची फरशी पुसत होत्या.

“यू फीड हिम, इज इट?” त्यांनी विचारलं.

“नो, आंटी. नेव्हर.”

“डोन्ट ब्लफ, लाह. मॉर्निंग यू गो वर्क, ही कम सिट हिअर.” आंटींनी मधुवंतीच्या जाळीच्या दाराकडे बोट दाखवलं. “होल डे सिट. बिफोर यू कम होम, ही गो डाऊन. लाइक युवर हजबंड लाइक दॅट.”

बोलून गेल्यावर आंटींनी जीभ चावली. “सॉरी, आ,” असं पुटपुटत बादली उचलून त्या आत गेल्या. मधुवंतीने कुलूप उघडायला जरा जास्तच वेळ लावला. मग आत जाऊन चहा टाकला आणि स्वतःला दटावलं, की जनावर आहे, थंड फरशी शोधतं. याच्यापलीकडे त्यात काही नाही.

सासूबाईंचा, संजीवनीबाईंचा, पुण्याहून फोन आला तो पितृपंधरवडा लागल्यावर.

“मधू, सर्वपित्रीला यशूचं पान ठेव.”

मधुवंती चमकली. “आई, तुम्हीच म्हणता ना, तो आहे म्हणून? जित्या माणसाचं पान कुणी ठेवतं का?”

“म्हणून तर ठेव म्हणते. कावळा शिवला तर शिवला, मी एकदाची रडून मोकळी होईन. नाही शिवला तर माझा लेक आहे. इथे ठेवून उपयोग नाही, इथले मेले कावळे कशालाही चोच मारतात. तो जिथून गेला तिथेच ठेवायला हवं. आणि दर्भाचा कावळा करून शिववायचा नाही हं. लबाडी नको.”

‘गेला’ हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मधुवंतीला मनातल्या मनात हसू आलं. कावळे फार माजले म्हणून या शहराने बंदूकवाले नेमून ते पाडवले होते. यिशुनमध्ये संध्याकाळी साळुंक्यांचा कलकलाट असायचा, पहाटे कोकीळ झोपमोड करायचा, पण कावळा औषधालाही दिसत नव्हता. म्हणजे या परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला होता. पान ठेवायचं, कावळा येणार नाही, म्हातारी उरलेले दिवस आशेवर काढील, आणि आपण विमानात बसू. यात कुणाचं वाईट होत होतं? तिने हो म्हटलं.

आदल्या दिवशी लिटिल इंडियात जाऊन तिने केळीचं पान, उडदाची डाळ आणि आमसुलं आणली. सर्वपित्रीला रजा टाकली. भात, वरण, खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं न चाखता केलं. दुपारी पानाचा तुकडा वाढून कॉरिडॉरच्या कठड्यावर ठेवला, टोक दक्षिणेकडे करून. जाळीचं दार लावलं आणि आतल्या बाजूला खुर्ची घेऊन बसली. समोरच्या ब्लॉकवर ऊन होतं. बांबूंवर वाळत घातलेले कपडे हलत नव्हते. को आंटींकडे रेडिओ चालू होता.

खरवडल्याचा आवाज आला तो जिन्याकडून नव्हे, कठड्याच्या पलीकडून.

घोरपड भिंत चढते हे मराठी मुलीला कुणी शिकवायला नको, चौथीच्या इतिहासातच ते शिकून होतं. तरी तिच्या तोंडचं पाणी पळालं. आधी नखं दिसली, मग डोकं. ती कठड्यावर आली, सगळी लांबी त्याच्यावर पसरली, आणि तोंड पानाशी आणून थांबली. अंगावरचं पाणी ठिबकत होतं. आकाशात ढग नव्हता, नाला सात-आठ दिवस कोरडा होता. जीभ भातावरून फिरली, पण टेकली नाही.

फोन वाजला.

“शिवला का गं?”

“नाही, आई. एकही कावळा नाही.” हे खोटं नव्हतं.

पलीकडून आधी हुंदका, मग हसू. “आहे! मी म्हणत नव्हते? तो आहे! थांब, देवापुढे साखर ठेवून येते. फोन ठेवू नकोस.”

मधुवंती फोन कानाला लावून बसली. तिचं काम झालं होतं. आता या जनावराने गेलं म्हणजे झालं.

“हट्!” ती म्हणाली. घोरपड हलली नाही. तिने पायातली सपात जाळीवर आपटली. पलीकडचा रेडिओ बंद झाला. को आंटींनी आपलं लाकडी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

घोरपड पानाकडे बघतच नव्हती. ती मधुवंतीकडे बघत होती. आणि मधुवंतीला कळलं, की हे बसणं आपण पूर्वी पाहिलेलं आहे. थोरल्या काकांच्या दहाव्याला कावळा असाच पिंडाशेजारी बसून राहिला होता. माणसं हात जोडून एकेक कबूल करत होती, मुलीचं लग्न लावतो, काकूला अंतर देत नाही. कावळा ढिम्म. शेवटी चुलतभाऊ म्हणाला, “कोर्टातली केस मागे घेतो.” त्यासरशी कावळ्याने चोच मारली. सगळ्यांनी तोंड फिरवून हसू दाबलं होतं. मधुवंतीनेही.

आता तिला हसू आलं नाही.

“आईंना मी बघेन,” ती म्हणाली.

जीभ बाहेर आली, आत गेली.

“त्यांना एकटं पडू देणार नाही. पुण्याला त्यांच्याजवळच राहीन.”

काही नाही. पाण्याचा एक थेंब कठड्यावरून ओघळला आणि गाळाचा वास दारापर्यंत आला.

“दुसरं लग्न करणार नाही.” हे बोलायचं तिच्या मनात नव्हतं. बोलल्यावर तिला स्वतःचाच संताप आला. एवढं दिलं तरी पुरेना?

घोरपडीने डोळे मिटले, उघडले.

मग तिला रडू फुटलं. दीड वर्षात जे आलं नव्हतं ते आलं. भीती तर होतीच, पण त्याहून माया जास्त होती, आणि तिला त्या मायेचंच जास्त भय वाटलं. ती उठून जाळीपाशी गेली. त्याला एकदा नीट निरोप द्यायचा राहून गेला होता. तो दिला की संपलं.

“यशो, पुरे रे आता,” ती म्हणाली. “येते मी.”

आपल्यात निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. जिभेला लागलेलं वळण. तिला जायचंच होतं.

घोरपडीने मान खाली घातली आणि भाताला तोंड लावलं.

तिने सगळं खाल्लं. भात, वरण, खीर. आमसुलाची चटणीसुद्धा. घोरपड भात खात नाही हे मधुवंतीला माहीत होतं. पान पुसल्यासारखं झालं.

मग घोरपड कठड्यावरून कॉरिडॉरमध्ये उतरली. जाळीच्या दारावरून गेली, पण आत बघितलं नाही. आता बघायची गरज नसल्यासारखी. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. तुटक्या शेंड्याची शेपटी वरच्या पायरीवर पडून होती.

“मधू? ऐकतेस ना?” फोनमधून सासूबाई म्हणत होत्या. त्यांच्या आवाजात दीड वर्षांत नव्हता एवढा जीव आला होता. “तो येईल बघ. तू धीर सोडू नकोस.”

मधुवंतीला हो म्हणायचं होतं.

घोरपड मागे वळून न बघता उभी होती. बरोबरच्या माणसाचं आवरेपर्यंत घरचं कुणी थांबतं, तशी.

जाळीचं दार उघडं होतं. ते कधी उघडलं हे मधुवंतीला आठवेना. फोन आत खुर्चीवर पडला होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता. बाहेरची एक चप्पल तिच्या पायात होती. दुसरी ती पायाने चाचपत होती.