तीन ठणठणीत उंदीर

परभणीजवळच्या एका संशोधन केंद्रात मंगळवारी सकाळी तीन उंदीर ठणठणीत सापडले आणि एकच खळबळ उडाली.

शरीरातल्या काही पेशी रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालतात. पीएचडी करणाऱ्या रोहिणीनं सहा उंदरांना मोजकं औषध देऊन त्या निम्म्या केल्या होत्या. लगाम सैल केला की काय होतं, एवढंच तिला बघायचं होतं. दहा दिवसांनी रक्त तपासलं. तिघांत पेशी निम्म्या, तिघांत भरगच्च.

"पोरीनं तिघांना सुई टोचलीच न्हाई," संचालक व्यंकटराव म्हणाले. "संध्याकाळी हिची पीएचडी रद्द."

चौकशी पशुवैद्य बुद्धभूषणकडे आली. बाकीचे रजेवर होते.

ओळखीसाठी महिन्यापूर्वी प्रयोगातल्या सहाही उंदरांच्या कानाला खाच पाडलेली. भरगच्च पेशींच्या तिघांच्या खाचेवर मात्र अजून ओली खपली होती.

"खाच पाडायचा चिमटा कुठं असतो?"

"साहेबांच्या कपाटात, कुलपात," रोहिणी म्हणाली. "चोरीला जाईल म्हणून."

"सुई कधी दिलीस?"

"शनिवारी नऊला. सहाही उंदरांना."

भिंतीवर त्याच शनिवारचा फोटो होता. अकरा वाजता व्यंकटरावांच्या शुभहस्ते प्रयोगाचा शुभारंभ. गळ्यात हार, हातात सिरिंज, ताटात तीन उंदीर.

"तू कुठं होतीस तेव्हा?"

"पाहुण्यांच्या चहाला पिटाळलं होतं."

उंदरांची देखभाल मुंजाजीकडे होती.

"मुंजाजीमामा, सिरिंजीत काय होतं?"

"मी पाणीच भरायलतो. साहेब म्हणले, खोटा फोटो काढायचा व्हय? असल औषध भर."

बुद्धभूषण दोघांना घेऊन संचालकांच्या दालनात शिरला.

"साहेब, तिघांना औषध दोनदा गेलं. लगाम सैल झाला न्हाई, तुटला. अंगातली शक्ती अंगावरच उलटली, उंदीर मेले. शुभारंभाचेच उंदीर मेले म्हणजे नाचक्की. तुमी शिलकीतले तीन आणून बसवले, कपाटातल्या चिमट्यानं कान टोचले. औषधच न्हाई, तर पेशी कमी कशा होतील?"

"मेलेले दाखवा की मग!"

"डीपफ्रीजमधी हायत, आत्ताच बघून आलो. तुमच्या सहीबिगर मेलेलं जनावर फेकता येत न्हाई."

"तीनदा कागद आणला साहेब," मुंजाजी म्हणाला. "तुमी म्हणलात, मेल्या उंदरावर मी सही करू?"

व्यंकटरावांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

रोहिणीची पीएचडी वाचली. तिच्या शोधनिबंधात एक जादा गट छापून आला: 'पेशींचा पूर्ण नायनाट. उंदीर तीन, मृत्यू तीन. औषध देणारे: डॉ. व्यंकटराव.'

संशोधनात पहिल्यांदाच नाव आलं म्हणून साहेबांनी पेढे वाटले.