लेकीचं रान

"अवो मावशी! माणूस येऊन राहिलं, दिसत न्हाई का?"

मी दचकून वळले, पण हातातली पाण्याची नळी काही सोडली नाही. त्यामुळे कोरडी राहिलेली त्याची दुसरी बाहीसुद्धा भिजली.

हिंगोलीचा जिल्हा झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. 'कमवा आणि शिका' योजनेत रोज सकाळी कॉलेजच्या बागेत काम करायची आणि त्या मजुरीवर माझं मेसचं ताट चालायचं. डोक्यावर टॉवेल, तोंडाला रुमाल, घोट्यापर्यंत चिखल... अशा अवतारात कुणी मावशी म्हटलं तर त्यात त्याचा फारसा दोष नव्हता. पण ते मी कशाला मान्य करू?

"दिसलं की," मी म्हटलं, "पण झाड समजून पाणी घातलं. वाढ बरी आहे."

तो हसला. शर्ट पिळत पिळत, मागे वळून बघत निघून गेला.

दुपारी तो मला वाचनालयाच्या दारात पुन्हा दिसला. आता माझी वेणी घातलेली, हातात पुस्तकं. त्यानं ओळखलंच नाही, उलट अदबीनं बाजूला सरकून वाट दिली. मी जाता जाता हळूच म्हटलं, "काय भाचे, वाळलात का?"

आवाजावरून त्यानं ओळखलं आणि त्याचे कान असे लाल झाले की मला दिवसभर हसू येत राहिलं.

त्याचं नाव दत्तप्रसाद. शिरड शहापूरच्या तातेराव पाटलांचा मुलगा, शेवटच्या वर्षाला. राजदूत फटफटीवरून यायचा. त्या दिवसानंतर त्याला सकाळी लवकर येऊन बागेच्या कट्ट्यावर अभ्यास करायची सवय लागली. अभ्यास किती व्हायचा, ते त्यालाच ठाऊक. एकदा त्यानं माझ्या हातातलं खुरपं घेतलं, तर मी ते परत ओढून घेतलं.

"कामाला हात लावायचा नाही. मजुरी माझी आहे."

"मंग मी काय करू?"

"बघत बसा. तेवढं जमतंय तुम्हाला."

बघणं मात्र त्याला खरंच जमायचं. मान खाली असली तरी मला ते कळायचं... आणि आवडायचं. खोटं कशाला बोलू?

माझे बाबा पुंजाजी मेंढरं राखायचे. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला आमचं घर, पण वर्षातले कितीतरी महिने बाबा कळपामागं रानोमाळ. बारावी झाल्यावर माझ्या शिक्षणासाठी ते मेंढ्या विकायला निघाले होते. मी आडवी आले. म्हटलं, "एकही जित्राब विकायचं नाही. मी माझ्या हातानं शिकेन." आई चांगुणाबाई म्हणाली, "पोरगी बापावर गेली." ते ऐकून बाबा दिवसभर पागोटं नीट करत फिरत होते.

म्हणूनच ऑक्टोबरात प्राचार्यांनी आम्हा योजनेतल्या मुलामुलींना बोलावलं तेव्हा मी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिले. योजनेतल्या निम्म्या जागा कमी होणार होत्या. बागेला एवढे हात कशाला, असा प्रश्न वरून आला होता. प्राचार्य भला माणूस. म्हणाले, "मागची पडीक जागा आहे. तिथं मेसपुरती भाजी पिकवून दाखवा, मग एकाचीही जागा जाऊ देणार नाही."

आम्ही ती जागा खणली, दगड वेचले, मेथी टाकली. मेथी उगवली, पण आठवड्यातच पिवळी पडून बसली. मी वाफ्याशी डोकं धरून बसले होते, तेवढ्यात कट्ट्यावरून दत्तप्रसाद म्हणाला, "एवढं मनाला काहून लावून घेती? मेसचं मी बघतो की."

माझं डोकंच फिरलं.

"माझं ताट मी कमावते, म्हणून ते मला गोड लागतं. तुमच्या उपकाराचा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही. आणि पुन्हा असं बोलायचं असेल तर कट्टा दुसरा शोधा!"

दुसऱ्या दिवशी कट्टा रिकामा. तिसऱ्या दिवशीही. मी रागात होते, पण सारखी तिकडेच बघत होते. चौथ्या दिवशी तो आला आणि कट्ट्यावर बसलाच नाही, समोर उभा राहिला.

"पैशाचं बोललो, ते चुकलं. पन जमिनीचं बोलू का? या रानाला खत पायजे."

"मला का कळत नाही? मेंढरं बसली पाहिजेत इथं."

आमच्याकडे सोयाबीन निघालं की गहू पेरण्याआधी रात्री रानात मेंढरं बसवतात. लेंड्यांनी जमिनीला कस येतो, आणि शेतकरी त्याबद्दल मेंढीवाल्याला ज्वारी देतो. चांगल्या कळपासाठी शेतकरी आधीपासून शब्द घेऊन ठेवतात.

"मंग बसवू की! कळप कोनाचा मिळंल?"

"माझ्या बाबांचा आहे. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी तुमच्याच वडिलांना, तातेराव पाटलांना, शब्द दिलाय. ते शब्द मोडायचे नाहीत आणि मीही तसं सांगणार नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पुंजाजीमामा... तुझे बाबा? दर साली आमच्याच रानात बसतात की ते!" मग म्हणाला, "त्यायनं शब्द मोडू नये, बराबर हाय. पन आमी आमची पाळी सोडली तर?"

मी मान डोलावली. हा उपकार नव्हता. त्याच्या घरच्या गव्हाचा घास होता तो, आणि तो मागायला त्याला स्वतःच्या बापासमोर उभं राहायचं होतं.

दोन दिवसांनी तो आला तो हात मागे लपवूनच.

"काय म्हणाले वडील?"

"म्हनले, घरचं रान उपाशी ठेवून कालेजचं पोसतो का रे?"

"मग?"

"मंग मी म्हनलं, उकिरड्यावरचं सगळं शेणखत मी सोता डोक्यावर वाहतो, गडी लावत न्हाई. तवा कुठं हो म्हनले."

"हात दाखवा."

"काहून?"

"दाखवा म्हटलं ना!"

फावडं मारून मारून दोन्ही तळहातांवर फोड आले होते. मी माझा रुमाल फाडून दोन्ही हातांना बांधला. गाठ मनासारखी बसेना, म्हणून दोनदा सोडून पुन्हा बांधली.

"आता कुठं भाचे शोभताय," मी कसंबसं म्हटलं.

प्राचार्यांना विचारलं तर ते खुर्चीतून उठलेच. "अगं, आमच्या बापाच्या रानात बसायची मेंढरं! गेट मी स्वतः उघडतो."

आणि एका संध्याकाळी धुरळा उडवत, घंट्या वाजवत बाबांचा कळप कॉलेजच्या गेटातून आत शिरला. पायऱ्यांवर पोरांची गर्दी जमली. कुणीतरी ओरडलं, "यांचं ॲडमिशन कोणत्या वर्षाला?" एकच हशा पिकला. बाबा गेटातच घुटमळले. मला कमीपणा वाटेल असं समजून दत्तप्रसाद घाईनं पुढे झाला. "ए, गप रे... आमच्या रानातला कळप हाय हा..."

"नाही!" मी त्याला मागे सारलं. "हा कळप माझ्या बाबांचा आहे. आणि ते माझे बाबा."

मी बाबांच्या हातातली काठी घेतली, पुढे झाले आणि लहानपणापासून देत आले तशी हाळी दिली. सगळी मेंढरं माना वर करून माझ्यामागे चालायला लागली. हशा कधी थांबला, ते कळलंही नाही. बाबांनी पागोटं नीट केलं आणि ते ताठ मानेनं पायऱ्यांसमोरून गेले. माझा ऊर तेव्हा जितका भरून आला, तितका आयुष्यात पुन्हा कधी आल्याचं आठवत नाही.

तीन दिवसांनी कळप निघाला, तेव्हा प्राचार्यांनी ज्वारीचं पोतं पुढे केलं. बाबांनी हात जोडले.

"न्हाई साहेब. लेकीच्या रानात मेंढरं बसली, तर ज्वारी कशाची घ्यायची?"

जानेवारीत त्या रानात मेथी, पालक, टमाटे मावेनात. मेसवाल्या गोजरबाई म्हणायच्या, "पुरे करा गं पोरींनो, ठेवू कुठं?" योजनेतली एकही जागा गेली नाही.

त्याच वाफ्यांच्या बांधावर, परीक्षेच्या आधी, दत्तप्रसाद बराच वेळ माती चिवडत उभा होता.

"आमच्या रानात बसले की तुझे बाबा ज्वारी घेतात..."

"घेणारच. हक्काची आहे."

"मला वाटतं... एखाद्या साली त्यायनं घेऊ नये."

मला कळलं. सगळं कळलं. त्याचे कान पुन्हा तसेच लाल झाले होते, आणि माझेही झाले असणार.

"आधी माझं शिक्षण," मी म्हटलं. "माझ्या कमाईनं."

"मी कुठं पळून चाललो?"

"आणि आपली जात वेगळी. तुमचे वडील?"

"त्यायला मी सांगतो."

"नको. बाबा सांगतील. त्यांच्या पद्धतीनं."

पुढच्याच्या पुढच्या वर्षी ऑक्टोबरात बाबांचा कळप शिरड शहापूरला बसला. मी पहिल्या वर्गात पास होऊन नांदेडला एम.एस्सी.ला गेले होते, तिथंही कमवा आणि शिका. दत्तप्रसाद घरची शेती बघत होता. सुट्टीत मी बाबांना भेटायला गेले, तेव्हा सकाळी कळप उठत होता आणि तातेराव पोत्याचं तोंड सोडून ज्वारी मापायला बसले होते.

"धर पुंजाजी, घोंगडी पसर."

"न्हाई पाटील. औंदा ज्वारी न्हाई घ्यायची."

"काहून? काय चुकलं का आमचं?"

"चुकलं न्हाई. लेकीच्या रानात बसवली, अशी माझ्या मनाची धारना हाय. तुमाला मंजूर नसंल तर मापा, मी मुकाट्यानं घेतो."

तातेरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग बांधावर श्वास रोखून उभ्या असलेल्या लेकाकडे. त्यांच्या हातातलं माप तसंच भरलेलं होतं. माझं सारं आयुष्य त्या मापात होतं.

"हीच का ती? कालेजच्या गेटातून मेंढरं नेलती ती?"

"व्हय," बाबा म्हणाले. "एक मेंढी विकू दिली न्हाई मला. सोताच्या कमाईनं शिकली."

 तातेरावांनी माप पोत्यात परत ओतलं आणि सुतळीनं पोत्याचं तोंड घट्ट बांधून टाकलं.

बाबांनी पागोटं नीट केलं. मी खाली मान घालून रडत होते, हसतही होते... आणि बांधावरून हळूच आवाज आला, "मावशी, माणूस उभं हाय इकडं. आता तरी दिसतंय का?"